तीन अक्षरी सही

अल मनखूल, बर दुबई
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. विभा हिस,

भागीरथीचे अनेक आशीर्वाद.

सत्तरीला आलेल्या बाईला ‘चिरंजीव’ कसं लिहायचं, असं लिहिणारी विचारते. मी म्हटलं, जिला मी दोन वर्षं कमरेवर वागवली ती नव्वदीची झाली तरी चिरंजीवच. लिही मुकाट्याने. मग तिने विचारलं, ‘भागीरथी’ कशाला, ‘अक्काचे आशीर्वाद’ लिहूया ना. त्याला मात्र मी नको म्हटलं. ते नाव तुझ्या हाकेचं आहे, आणि तू ती मारल्याला बरीच वर्षं झाली.

इकडे सगळे बरे. सुयशचं ऑफिस, शुभ्राचं ऑफिस, मैथिलीची शाळा, सगळं घड्याळाच्या काट्यावर. हवाही आता बरी झाली. मे ते ऑक्टोबर मी एसीत बरणीतल्या लोणच्यासारखी बंद होते, आता दुपारी बाल्कनीत बसते आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणाच्या चादरी वाळतायत ते बघते. तुझे गुडघे कसे आहेत? दुखत असतील. माझेही दुखतात, पण मी सांगत नाही. हल्ली मी काहीही सांगितलं की हे लोक गाडी काढतात.

आता कामाचं. सुयशने तुला ईमेलवर एक फॉर्म पाठवलाय. पनवेलच्या पुढे कुठे एक निवास आहे, तिथे विसरभोळ्या म्हाताऱ्यांना ठेवून घेतात. माझा इथला व्हिसा एकतीस डिसेंबरला संपतो. तो पुन्हा काढायचा नाही आणि मला तिकडे पोचवायचं, असं ठरलंय. मला न विचारता. फॉर्मवर भारतात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाची सही लागते. तसा मला एकच नातेवाईक उरलाय, आणि तो चिपळूणला एकटा राहून चहात साखर घालत नाही.

ती सही करू नकोस.

पत्र एवढ्यासाठीच. पुढचं वाचायचं नसेल तर इथेच घडी घाल. तुला तो हक्क आहे, हे मला याच आठवड्यात कळलं. कसं ते नंतर.

फोन का नाही केला म्हणशील. केला. तू उचललास, ‘बरी आहे’ म्हणालीस आणि ठेवलास. चार अक्षरं. सतरा वर्षं मला तुझ्याकडून तेवढीच मिळतात. म्हणून हे पत्र. मुश्ताकचा माणूस मंगळवारी रत्नागिरीला चाललाय, तो वाटेत तुझ्या हातात देईल.

मुश्ताक म्हणजे आमच्या शेजारच्या फ्लॅटमधला. त्याचं टायपिंग सेंटर आहे, लोकांचे सरकारी अर्ज अरबीत टाइप करून देतो. आणि त्याची बायको जहांआरा, ती ही लिहिणारी. रत्नागिरीच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत पहिली यायची. पन्नाशीची आहे, पण हस्ताक्षर अजून मास्तरांच्या भीतीने सरळ येतं. दुपारचा नमाज झाला की ती माझ्याकडे येते, आणि आम्ही दोघी शब्दकोडं सोडवतो.

हसलीस ना. हस. मला अक्षर येत नाही हे जगात दोघांनाच माहीत होतं, तुला आणि तुझ्या भावजींना. भावजी गेले. जहांआराला मी सांगितलं नव्हतं. तिने ओळखलं, कारण मी कोडं गंभीर चेहऱ्याने उलटं धरलं होतं.

तर कोडं मी ऐकून सोडवते. ठाण्याला असतानाची सवय. मी भाजी निवडत बसायचे आणि भावजी वाचायचे: “आडवा सात. लाकूड कापायचं हत्यार. चार अक्षरी.” मी म्हणायचे, करवत. ते म्हणायचे, मोज. मी मोजायचे: कर, वत. दोन.

“चूक. आपण बोलताना अक्षरं गिळतो, भागी. लिहिताना गिळता येत नाही. नदीपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखं बोलून बघ.”

मग मी क… र… व… त… असं ओढायचे आणि चार बोटं मिटायचे. तेव्हापासून शब्द कानावर पडला की मी मनात त्याला नदीपलीकडून हाक मारते. रविवारच्या पुरवणीत दोनदा बक्षीस लागलं. नाव छापून आलं सूर्यकांत. उत्तरं माझी, अक्षर त्यांचं. मला त्याचं वाईट नाही वाटलं. बक्षिसाचा कुकर माझ्याच ओट्यावर होता.

इथे जहांआराचा भाऊ मोबाइलवर कोड्यांचे फोटो पाठवतो, मुश्ताक कागदावर काढून देतो. परवा आमचं भांडण झालं. “कोकणातलं आंबट फळ, तीन अक्षरी.” मी म्हटलं, कोकम. जहांआरा म्हणते, “काकू, कोकम ते सुकवल्यावर. झाडावर असतो तो रातांबा.” दोन्ही तीन अक्षरी. मग उभा शब्द लागेपर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. रातांबाच निघाला. तिचा चेहरा बघायला हवा होतास, आमदार निवडून आल्यासारखा. दुसऱ्या दिवशी आलं, “वाळवंटातली पाण्याची हिरवी जागा, चार अक्षरी.” ती म्हणाली, “काकू, आपण तर इथेच राहतो, आपल्याला यायला पाहिजे.” मी म्हटलं, इथे हिरवं आणि गार एकच आहे, मॉल. पण तो दोन अक्षरी. मरूद्यान हे भाताला चौथी शिट्टी झाल्यावर आठवलं.

आता सांग, ज्या बाईला मरूद्यान आठवतं ती विसरभोळी कशी?

तर ऐक. जूनमध्ये सुयशचे साहेब घरी आले होते. मी चहा केला आणि तो कपातच फुटला. कारण मी दुधाच्या जागी लबन घातलं. लबन म्हणजे इथलं ताक, दुधासारख्याच बाटलीत मिळतं. मी आपली झाकणाच्या रंगावर चालायचे, निळं दूध, हिरवं ताक. कंपनीने झाकणं बदलली, मला कोण सांगणार? साहेब बिचारे हिरवट तोंड करून ‘नाइस’ म्हणाले. मग औषधाच्या दुकानातून वेगळ्या रंगाची पट्टी आली आणि रात्रीच्या गोळ्या मी सकाळी घेतल्या, दिवसभर झोपले. मग लिफ्टची बटणं नवीन बसवली. पूर्वी आमच्या मजल्याचं बटण खालून तिसऱ्या ओळीत उजवीकडे होतं. मी वेगळ्याच मजल्यावर उतरले आणि कोणा मल्याळी कुटुंबाच्या हॉलमध्ये जाऊन बसले. त्यांनी मला सांबार दिलं. चांगलं होतं.

या तिन्हीत विसरणं कुठे आहे, तूच सांग. पण सुयश आणि शुभ्राने एकमेकांकडे बघितलं. तसं बघणं मला कळतं, त्याला अक्षर लागत नाही.

मला एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीण तरुण, गोड, हिंदी बोलणारी. शुभ्रा शेजारी बसलेली. डॉक्टरणीने विचारलं, “माताजी, यह कौन सा शहर है?” मी म्हटलं, “तुम्हें नहीं मालूम? फिर घर कैसे जाती हो?” शुभ्रा हसली, ती नाही हसली, तिने कागदावर काहीतरी केलं. शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. मी धडाधड म्हटलं, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. तिला आपले आकडे कळेनात. शुभ्रा नेमकी फोन घ्यायला बाहेर गेली होती. पुन्हा खूण. मग तिने एक कागद पुढे केला. वर एक मोठी ओळ लिहिलेली. “जो लिखा है, वह कीजिए.” मी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसला आणि छान हसले. आता जहांआराने तो कागद वाचला तेव्हा कळलं की त्यावर ‘आँखें बंद कीजिए’ लिहिलं होतं. मी टक लावून तिच्याकडे बघत होते. शेवटी म्हणाली, कोणतंही एक वाक्य लिहा. मी म्हटलं, आज हात दुखतोय.

तीसपैकी अकरा.

तेव्हा एक वाक्य बोलले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. ‘बाई, मला वाचता येत नाही.’ पण शुभ्रा परत येऊन शेजारी बसली होती. बावीस वर्षं ती माझ्याकडे ‘आई, पेपर वाचून झाला का?’ असं विचारून पेपर मागते. मला वाटलं, वेडी म्हटलं तर म्हणू दे.

आज इथेच थांबू. जहांआराला मासे करायचेत. तुला माझं ते लोणच्याचं पत्र आठवतं का? राहू दे. असंच विचारलं.

(विभामावशी, मी जहांआरा. काकूंनी मुख्य गोष्ट अजून सांगितलेली नाही. मी दोनदा आठवण करून दिली, तर म्हणाल्या, तू लिहायचं काम कर. हे मी त्यांना वाचून दाखवणार नाही.)


शनिवार, १५ नोव्हेंबर

कालचं शेवटचं जहांआराने मला वाचून दाखवलं नाही, मला कळणार नाही असं तिला वाटलं. कागदावर चार ओळी जास्त दिसल्या. मोजता मला येतं. चष्मा लावून बसले आणि म्हटलं, वाच. तिने वाचलं, आणि तिचे कान लाल झाले. असू दे तसंच.

आज सकाळी मी एक काम उरकलं. ते आधी.

शनिवारी इथे सगळ्यांना सुट्टी असते, नाश्त्याला सगळे एकत्र असतात. मी फ्रिजमधून दोन बाटल्या काढल्या आणि टेबलावर सुयशसमोर ठेवल्या.

“सुयश, यातलं दूध कोणतं?”

त्याने शुभ्राकडे बघितलं, ते तसलंच बघणं. मग लहान मुलीला सांगावं तसं म्हणाला, “आई, हे दूध. हे लबन. लिहिलंय ना.”

“तुला लिहिलेलं दिसतं. मला रेघोट्या दिसतात. झाकण काढ, वास घेऊन लगेच सांगते.”

“म्हणजे? चष्म्याचा नंबर वाढलाय का?”

“चष्मा तुझ्या बाबांनी आणलेला आहे, साध्या काचेचा. मला वाचता येत नाही, सुयश. कधीच येत नव्हतं. मराठी नाही, हिंदी नाही, काही नाही.”

विभा, पन्नास वर्षांचा माणूस, दोनशे लोक हाताखाली आहेत म्हणतात, त्याच्या हातातला टोस्ट तसाच राहिला. म्हणाला, “पण तू रोज पेपर वाचायचीस.”

“धरायचे.”

“माझं प्रगतिपुस्तक?”

“बाबा सही करायचे. तुला गणितात कमी पडले की तू ते मला आधी दाखवायचास, आठवतं? आणि मी म्हणायचे, छान आहे. तेव्हा तुला आनंद व्हायचा.”

शुभ्रा म्हणाली, “आई, पासपोर्टवर तुमची सही आहे. मी स्वतः बघितलीय.”

ती सही म्हणजे रांगोळी आहे, विभा. पासपोर्ट काढायचा ठरला तेव्हा भावजींनी महिनाभर माझ्याकडून ती गिरवून घेतली. इथून गोल, इथून खाली, वर आडवी रेघ. त्यात भा कोणता आणि गी कोणती, हे विचारलंस तर मला सांगता यायचं नाही. एकदा उलट्या बाजूने सुरू केली तर पूर्णच होईना. तेही सांगितलं मी. सांगायला बसलं की काही राहात नाही.

शुभ्राचा आवाज चढला. “मग डॉक्टरना का नाही सांगितलंत? मी तिथेच बसले होते.”

“तू बसली होतीस म्हणूनच.”

ती उठून आत गेली. मला वाटलं रागावली. नळाचा आवाज आला, मग डोळे पुसून बाहेर आली आणि म्हणाली, “मी तुम्हाला बावीस वर्षं कणकेच्या पिशवीवरची तारीख वाचायला सांगतेय, आणि तुम्ही दर वेळी ‘चालेल’ म्हणता.”

“चालली की. कोणी मेलं का?”

तेवढ्यात मैथिलीने कानातला इअरफोन काढला. सोळा वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं बरं चाललंय. म्हणाली, “आजी, आय कान्ट रीड मराठी आयदर.” तिने शाळेत फ्रेंच घेतलंय. मी सुयशला म्हटलं, बघ, घरात दोन निरक्षर आहेत. हिलापण पाठव पनवेलला.

मैथिली तेवढी हसली.

मग मी सुयशला सांगितलं, घे कोडं आणि वाच. माझ्याकडचं नवं कोरं कोडं दिलं. त्याला मराठी वाचून जमाना झालाय, अडखळत वाचत होता. “बुद्धी. तीन अक्षरी.” अक्कल. “दही घुसळण्याचं साधन, दोन.” रवी. “हट्ट न सोडणारा, तीन.” मी म्हटलं, हेकट, आणि तुझ्या बाबतीतही बसतो. नवव्याला त्याने कागद खाली ठेवला. मैथिली म्हणाली, “बाबा, शी इज बेटर दॅन यू.”

आता तुला वाटेल, मिटलं. नाही मिटलं. माझा मुलगा आहे तो, त्याने तीन अक्षरी शब्द खरा करून दाखवला. म्हणाला, “आई, दुसरी टेस्ट करू, तोंडी, मराठी डॉक्टर शोधू. पण तू आठ-नऊ तास घरात एकटी असतेस, तुला औषधाची पट्टी वाचता येत नाही, हे तर आणखी वाईट झालं. मला ऑफिसात भीती वाटते. मी तो फॉर्म मागे घेत नाही. मावशीला ठरवू दे. ती शिकलेली आहे.”

शिकलेली आहे. हे तो मला म्हणाला.

म्हणजे आता सगळं तुझ्या सहीवर आलं. इतकी वर्षं जिने मला चार अक्षरांपेक्षा जास्त दिली नाहीत, तिच्यावर. आणि मी तुला सांगून ठेवते, तू सही केलीस तरी मी त्या निवासात जाणार नाही. विमानात बसणार नाही. बसवलं तर मुंबईला उतरून पट्ट्यावरच्या सामानाबरोबर गोल गोल फिरत राहीन, पण त्या गाडीत चढणार नाही. मला काय येत नाही ते मी आज जगाला सांगून टाकलं. आता कोणाच्या बापाला भिऊ?

जहांआरा म्हणते, ‘बाप’ खोडूया का. नको.

उद्या उरलेलं. उद्या नक्की.


रविवार, १६ नोव्हेंबर

विभा,

आता लिहिते. म्हणजे सांगते.

भावजी गेल्यावर ठाण्याचं घर आवरताना मी त्यांची कोड्यांची फाइल बरोबर आणली होती. वर्षानुवर्षांची कात्रणं, तारखेप्रमाणे लावलेली. मला वाचता येत नाही, पण त्यांचं अक्षर आहे म्हणून. गेल्या सोमवारी जहांआराच्या भावाकडून फोटो आला नव्हता, म्हणून ती म्हणाली, जुन्यातलं एखादं अर्धवट राहिलेलं असेल तर सोडवूया. फाइल चाळताना एका कात्रणामागे घडी घातलेला निळा कागद निघाला. म्हणाली, “काकू, हे पत्र आहे. ‘प्रिय अक्का’ असं आहे. वाचू?”

मी म्हटलं, वाच, विभाचं असणार, जुनं. मला आठवतंय ते. विभाची तब्येत बरी, शाळेत स्नेहसंमेलन, तिच्याकडची लिंबं उतरलीत, लोणच्याची कृती विचारलीय. भावजींनी मला तेवढंच वाचून दाखवलं होतं. मी हौसेने उत्तर सांगितलं होतं. पन्नास लिंबांना मीठ किती, आणि शेवटी चेष्टा केली होती की, बाई, एवढी शिकलीस आणि लिंबू चिरायला अक्काच लागते.

जहांआराने वाचायला सुरुवात केली. लिंबं होती. स्नेहसंमेलन होतं. मग ती थांबली. मी म्हटलं, थांबलीस का, तिने शिव्या दिल्यात का मला? तिने मान खाली घातली आणि सगळं वाचलं. एकही अक्षर गिळलं नाही.

तू लिहिलं होतंस, पोटात गाठ आहे. मोठं ऑपरेशन करायचंय, वीस तारखेला. फोनवर सांगायला घेतलं की रडू येतं, म्हणून लिहितेय. लिहिलं होतंस, मला भीती वाटते, अक्का. सहा आठवडे ये. तुझ्याशिवाय मला कोणी नाही. आणि खाली होतं, ‘हॉस्पिटलच्या कागदावर घरच्या माणसाची सही लागते. तू अक्षराची काळजी करू नकोस. अंगठा चालतो. मी विचारून ठेवलंय.’

विभा, याचं उत्तर म्हणून तुला लोणच्याची कृती आली.

तुझ्या त्या कागदावर शाळेच्या शिपायाने सही केली, हे मला पुढे कोणाकडून तरी कळलं. ऑपरेशन झाल्याचं कळलं तेही असंच, तीन महिन्यांनी. तेव्हा मी काय केलं असेल? मी रुसले. मला कळवलं नाही म्हणून. मी परकी झाले म्हणून. फोनवर तू ‘बरी आहे’ म्हणालीस तर मीही ‘असू दे’ म्हटलं. भावजींच्या दहाव्याला तू आलीस आणि चहा न घेता गेलीस, तेव्हा मी शेजारणीला म्हणाले, शिक्षण डोक्यात गेलंय. हे मी म्हणाले होते. लिही, जहांआरा.

का केलं असेल त्यांनी? सहा दिवस मी हाच विचार करतेय. दुष्ट नव्हते. त्यांना चहा करता येत नव्हता, विभा. गॅस पेटवायला घाबरायचे. सहा आठवडे मी नाही, हे त्यांना डोळ्यांपुढे आणता आलं नसेल. म्हणून वाचता वाचता त्यांनी एवढ्या ओळी गिळल्या, आणि पुढे लिंबांवर आले. मला ‘गिळता येत नाही’ म्हणून शिकवणारा माणूस. पत्र फाडलं मात्र नाही. मला वाचता येणार नाही अशाच जागी, माझ्या हाताखाली, जपून ठेवलं. त्यांचा फोटो मी सहा दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. सुयशला वाटलं हेही आजाराचं लक्षण. काल त्याला पत्र वाचायला दिलं. वाचून झाल्यावर तो उठला, फोटो सरळ करायला गेला, आणि मग तसाच ठेवून परत आला.

पण सगळं त्यांच्यावर टाकून मी मोकळी होणार नाही. तू दहा वर्षांची होतीस आणि पाटी घेऊन मला शिकवायला बसली होतीस. ‘अक्का, हा ग, याच्या हातात काठी.’ मी ती पाटी चुलीमागे टाकली. मला तुझ्याकडून, कमरेवर बसवलेल्या पोरीकडून, शिकायचं नव्हतं. तेव्हा शिकले असते तर ते पत्र मी स्वतः वाचलं असतं. त्या एका दुपारच्या तोऱ्याची ही सगळी करणी.

अशी मी. आता तुला ठरवायला सगळं दिलं. माझ्या कागदावर सही करायला तुला हवं तेवढं कारण आहे. तुझ्या कागदाच्या वेळी मी नव्हते, माझ्या कागदाच्या वेळी तू कशाला मला वाचवायचं? मी दया मागत नाही. मी तुझ्या जागी असते तर कदाचित केली असती सही, वर तारीखही टाकली असती.

तरी सांगते, करू नकोस. आणि मी काय ठरवलंय तेही सांगते. परवानगी विचारत नाही, दोघांनाही नाही, तुला नाही आणि सुयशलाही नाही. जहांआरा आणि मुश्ताक तीन डिसेंबरला रत्नागिरीला निघतायत. त्यांच्याबरोबर मी येतेय. नव्या व्हिसाचा अर्ज मी कालच मुश्ताककडे टाइप करायला दिलाय, जाण्याआधी तो पुढे सरकेल, इन्शाल्ला, असं तो म्हणतो. सुयशने त्यावर सही केली. रागाने केली, पण केली. तिकीट शुभ्राने काढलं, कोणाला न विचारता. परतीचंही. सुयशला तिने सांगितलं, “आईंच्या गोळ्यांच्या डब्यांना मी वेगवेगळी बटणं शिवलीयत, हाताला लागतात. आता बोल.” सुनेबद्दल मी तुला आजवर जे जे सांगितलं असेल त्यातलं निम्मं खोड.

मी तुझ्याकडे सहा आठवडे राहणार. तुझं पोट बरं होऊन सतरा वर्षं झाली हे मला माहीत आहे. तरी येणार. तू दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगेन. नाकात वाटाणा घातला होतास तिथपासून सुरुवात. गावात तुझ्या हाताखाली शिकलेले तहसीलदार आहेत म्हणे. त्यांनाही सांगेन.

येताना कोड्यांची फाइल आणतेय. तुझ्या पत्राच्या पुढे जे कात्रण होतं ते अर्धवट राहिलंय. जहांआराला मी ते सोडवू दिलं नाही. तू वाच, मी उत्तरं देईन, तू लिही. आणि तुझ्याकडे पाटी असेल तर ती पण काढून ठेव. शिकेनच असं नाही. पण या वेळी चुलीमागे टाकणार नाही.

आता सही. जहांआराने विचारलं, पासपोर्टवरची काढता का? नको. ती नक्षी खोटी आहे, ती मी आता कोणाला दाखवणार नाही. आणि लाज कसली? इथल्या ओळखपत्राच्या ऑफिसात मी स्वतः बघितलंय, सुयश, त्याचा साहेब, टाय लावलेले, झगे घातलेले, सगळे रांगेत उभे राहून काचेवर बोटं टेकवत होते. एवढं शिकून शेवटी सगळे तिथेच येतात. माझी बोटं तेवढी मशीनला उमटेनात. भांड्यांनी रेषा खाल्ल्यात. ती अरब मुलगी क्रीम लावून माझा हात पुन्हा पुन्हा दाबत होती, “यल्ला, मामा, यल्ला,” म्हणजे चला आई, चला, आणि पाचव्यांदा उमटला.

मुश्ताकच्या सेंटरवरून शिक्क्यांची शाई आणलीय. निळी आहे.

माझं नाव मी लिहून घेत नाही. त्या जागी दोन घरं रिकामी सोडायला सांगितलीयत. शोधसूत्र सांगते, मोठ्या बहिणीला मारायची हाक, दोन अक्षरी. भरायची की नाही ते तू ठरव.

त्याच्या खाली माझी सही, तीन अक्षरी. पहिला ठसा पुसट आला, तो खोडला नाही, शेजारी दुसरा दिलाय. सतरा वर्षं उशिरा पोचतोय, पण चालायला हवा. तूच विचारून ठेवलं होतंस.